हावऱ्याने खाल्लेली ओळ

जुना म्हणा, म्हातारा म्हणा, चालेल. भंगार तेवढं म्हणू नका, मित्रांनो! मी टेपरेकॉर्डर आहे. निलंग्याच्या एसटी स्टँडमागे श्रीशैलअप्पांचं शिवणकामाचं दुकान होतं. तिथल्या फळीवर बसून मी बावीस वर्षं गायलो. आता माझी अँटेना अर्धीच उरली आहे, कॅसेटचं झाकण रबरबँडनं बांधलेलं आहे, आणि चालू केलं की मी आधी जरासा खोकतो. तरी माझ्या आठवणीत इतकी गाणी आहेत, की सगळी ऐकवायला बसलो तर तुमची शाळा बुडेल.

कारखान्यात मला चांगलं ऐटदार इंग्रजी नाव मिळालं होतं, चंदेरी अक्षरांत छापलेलं. ते कधीच पुसून गेलं. घरात मला सगळे ‘हावऱ्या’ म्हणतात. हावरा कोण, ते तुम्हाला सांगायला नको. पंगतीत सगळ्यांच्या आधी लाडवाला हात घालतो आणि आईचा धपाटा खातो, तो. असं नाव कुणाला आवडेल? मलाही आवडत नव्हतं. ते कुणी घेतलं की मी कानकोंडा व्हायचो. पण गेल्या उन्हाळ्यात असं काही घडलं, की आता त्या नावाशिवाय दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली तर मी ओ देणार नाही. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म दिल्लीकडचा. ट्रकमधून हादरे खात लातूरला आलो आणि गंजगोलाईतल्या एका दुकानात काचेमागे बसलो. समोरून माणसं, हातगाड्या, सायकली गोल गोल फिरत राहायच्या. मी बघत बघत पेंगायचो. एके दिवशी एक शिडशिडीत तरुण आत आला. गळ्यातली मापाची पट्टी काढायची तो विसरला होता. दुकानदारानं मला त्याच्यापुढे ठेवलं आणि आवाज चढवून दाखवला. तरुण म्हणाला, “मोठा नको, शेठ. साफ पाहिजे. गाणाऱ्यानं दम कुठं घेतला ते ऐकू आलं पाहिजे.”

हेच आमचे श्रीशैलअप्पा. औसा ओलांडून निलंग्यापर्यंत त्यांनी मला एसटीत मांडीवर घेतलं. खड्डा आला की ते माझ्या डोक्यावर तळवा ठेवायचे. मी तेव्हाच त्यांचा झालो.

मित्रांनो, अप्पांना गाता येत नव्हतं. बाजाची पेटी, तबला, काही काही येत नव्हतं. ते नुसते ऐकणारे. पण असं ऐकणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. गाणारा त्यांच्या कानातून शिरायचा तो थेट हातात उतरायचा.

शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे आले की अप्पा उदगीरच्या चाँदपाशा कव्वालांची कॅसेट लावायचे. पाशा एकच ओळ दहा वेळा म्हणायचे आणि दहाही वेळा ती नवी वाटायची. टाळ्यांबरोबर अप्पांचं पायडल धावायचं, खाकी चड्ड्यांची रास लागायची. कुणी म्हणालं, “एकच चड्डी शंभरदा शिवून बेजार होत न्हाईस का रे?” तर अप्पा माझ्याकडे बोट करायचे. “पाशाभाईला विचार. शंभरावी बी पहिल्यावानी शिवायची असते.” तरुणपणी उरुसात पहिल्यांदा त्यांनी पाशांना ऐकलं होतं, आणि कामाचा कंटाळा करायचा नाही हे तिथंच पक्कं ठरवलं होतं.

काज-बटणाला आणि तुरपाईला बसवकल्याणकडच्या बसलिंगय्यांची कॅसेट. ते कानडीत शरण संतांची वचनं गायचे. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. इतकं थांबायचं, की कॅसेट संपली की काय असं वाटावं. त्या थांबण्यात अप्पांची सुई कापडातून हळूच वर यायची. अप्पा मूळचे भारी तापट. गिऱ्हाईक वाकडं बोललं की कात्री आपटायचे. बसलिंगय्यांनी त्यांना थांबायला शिकवलं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लोक घरात शिरायला भीत होते. आठवडाभर सगळी गल्ली मैदानात पालं टाकून राहिली. अप्पांनी त्या दिवसांत सुई हातात धरली नव्हती. मग एका संध्याकाळी त्यांनी माझ्यात सेल भरले आणि बसलिंगय्यांना लावलं. रडणारी लेकरं हळूहळू गप्प झाली. अप्पांनी कुणाचा तरी फाटका सदरा मांडीवर ओढला आणि शिवायला घेतला.

कापड बेतताना मात्र मी सक्त बंद. कारण एकदा पाशांच्या ठेक्यात कात्री चालली आणि हेडमास्तर बापूसाहेबांच्या विजारीचा एक पाय चांगला चार बोटं आखूड झाला. बापूसाहेबांनी ती विजार घालून पाहिली आणि म्हणाले, “श्रीशैल, हा पाय कव्वालीचा आणि हा वचनाचा वाटतं?” अप्पांनी त्यांना दुसरी शिवून दिली.

आणि तिसऱ्या नागाबाई. त्यांच्यापाशीच माझी खरी गोष्ट सुरू होते.

अप्पांचं लग्न झालं. अंबिकाबाई आल्या त्या पार किनवटाकडून, इस्लापुराहून. कुठं इस्लापूर आणि कुठं निलंगा! तिकडे रान, नदी, सहस्रकुंडाचा धबधबा, आणि इथं दुकानामागच्या दोन खोल्या. बाई तोंडानं काही म्हणायच्या नाहीत. पण दुपारी जेवणं झाली की दाराशी बसून स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांकडे बघत राहायच्या. अप्पा आपले मशीनमागून त्यांच्याकडे बघत राहायचे. नव्या नवरीशी बोलावं काय, हे त्या भल्या माणसाला सुचत नव्हतं.

मग अप्पा अस्तराचं कापड आणायला नांदेडला गेले आणि येताना एक कॅसेट घेऊन आले. वेष्टनावर एका ठसठशीत कुंकवाच्या बाईचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं : नागाबाई इस्लापूरकर. अप्पांनी ती मला भरवली. आणि बटण दाबलं.

पाखरा रे पाखरा, सांग तुझं गाव,
उन्हाच्या पल्याड वाऱ्याची धाव,
चोचीत आण माझ्या माहेराचं नाव.

अंबिकाबाई दारातून उठून आत आल्या. म्हणाल्या, “अवं, ही तर आमच्या गावची नागामावशी!” आणि अप्पांच्या शेजारी स्टुलावर बसून त्या पदराआड रडल्या, मग हसल्या, मग पुन्हा लावा म्हणाल्या. दाराशी वाळत घातलेल्या रंगीत कापडांतून ऊन आत येत होतं. आणि त्या हिरव्या-जांभळ्या उजेडात ती दोघं पहिल्यांदा पोटभर बोलली. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

आठवडाभर दुपार झाली की तेच गाणं. आणि आठव्या दिवशी मी घात केला.

मित्रांनो, तुम्ही कॅसेट पाहिली नसेल. तिच्यात बारीक तपकिरी फीत असते, गाणं त्या फितीवर असतं. माझ्या पोटातलं रबरी चाक ती फीत पुढे पुढे ओढतं. कधी चाकाला धूळ चिकटते, कधी उन्हानं फीत ढिली पडते, आणि मग ती पुढे जायच्या ऐवजी चाकालाच गुंडाळत जाते. यालाच टेपनं कॅसेट ‘खाल्ली’ म्हणतात. त्या दुपारी नागाबाईंचा आवाज एकदम जाड झाला, घर्रर्र झाला, आणि थांबला. अप्पांनी माझ्या डोक्यावर डाव्या हाताची टपली हाणली आणि ओरडले, “खाल्लं का रे, हावऱ्या!”

माझं बारसं झालं ते असं.

वीतभर फीत चुरगळून गेली होती. अप्पांनी कात्रीनं तेवढी कापून टाकली, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळली. कपडा शिवताना सांधा दिसू देत नाही असा माणूस, पण फितीचा सांधा लपेना. पुन्हा लावलं तर ऐकू आलं : “पाखरा रे पाखरा, सांग तुझं गाव,” मग सांधा सरकल्याचा आवाज, “टुक्”, आणि लगेच “चोचीत आण माझ्या माहेराचं नाव.” मधली उन्हावाऱ्याची ओळ गायब!

अप्पांचं तोंड एवढंसं झालं. “नवी आणतो,” ते म्हणाले. पण ती कॅसेट पुन्हा नांदेडला मिळाली नाही, लातूरलाही नाही.

अंबिकाबाई मात्र पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “असू द्या. बरंच झालं की! मधलं ऊन गेलं, वारा गेला. माझं माहेर एका ओळीनं जवळ आलं.”

अप्पांनी बायकोकडे असं पाहिलं, की मी माझा लाल दिव्याचा डोळा मिटून घ्यावा असं मला झालं. त्यांच्या संसारातला सगळ्यात गोड शब्द माझ्या चुकीवर बोलला गेला. तरी माझ्या मनातली टोचणी काही जाईना. ज्यानं गाणं सांभाळायचं, त्यानंच ते खाल्लं होतं.

मग ते गाणं आमच्याकडे तसंच रूढ झालं. शिकाऊ पोरं, गिऱ्हाईकं, समोरचा चहावाला, सगळे ‘गाव-टुक्-चोचीत’ असंच म्हणायचे. अप्पांची मुलगी भार्गवी तर पाळण्यात तेच ऐकून वाढली. दुसरीत असताना तिनं स्नेहसंमेलनात ते गाणं म्हटलं आणि मान हलवून ‘टुक्’ सुद्धा म्हटलं. बाईंनी विचारलं, “अगं, हे टुक् काय?” पोरगी ठामपणे म्हणाली, “बाई, ते गाण्यातच हाय.”

एकदा तर खुद्द नागाबाई आल्या. निलंग्यात त्यांचा कार्यक्रम होता आणि चोळीची बाही उसवली होती. कुणीतरी आमचं दुकान दाखवलं. मी तेव्हा त्यांचंच गाणं गात होतो. उंबऱ्यात त्या थबकल्या आणि नेमका टुक् आला. अप्पा धडपडत उठले. लाजेनं त्यांना घाम फुटला. “मावशी, माफ करा. ह्या हावऱ्यानं तुमची ओळ खाल्ली.”

नागाबाई कमरेवर हात ठेवून खदखदून हसल्या. “खाऊ दे की! ती ओळ माझी न्हाईच. कॅसेटवाल्यानं मागनं घुसडली. आमच्याकडं बाया जात्यावर दोनच ओळी म्हणत्यात.” मग आतून आलेल्या अंबिकाबाईंकडे निरखून बघत म्हणाल्या, “तू भुजंगरावाची धाकली न्हव्हं? मंग तुझ्या घरात गाणं बराबर वाजून राहिलंय बघ.”

मला थोडं हलकं वाटलं. पण थोडंच. कलावंताचं मन मोठं असतं, त्या सांत्वन करणारच, असं मी स्वतःला समजावलं.

दिवस सरले. पहिल्यांदा सीडीच्या चकत्या आल्या, मग मोबाईल आले. अप्पांच्या डोळ्यांना दोरा दिसेनासा झाला, तयार कपड्यांची दुकानं वाढली. शेवटी दुकान बंद झालं आणि मला चिंध्यांच्या गाठोड्यात बांधून माळ्यावर ठेवलं. शेजारी बिस्किटांच्या जुन्या डब्यात माझे पाशा, बसलिंगय्या आणि नागाबाई. रागावलो नाही म्हणालो तर खोटं होईल. पहिली दोन वर्षं मी धुसफुसत काढली. मग मात्र मला स्वप्नं पडायला लागली.

कौलातल्या काचेतून दुपारी उन्हाचा एक चौकोन माळ्यावर उतरायचा. त्यात धुळीचे कण तरंगायचे, आणि माझ्या कानी सगळी गाणी एकमेकांत मिसळून यायची. पाशांच्या टाळ्यांवर बसलिंगय्या थांबायचे, आणि त्यांच्या थांबण्यात नागाबाई अलगद सूर लावायच्या. दूर कुठंतरी पायडल चालायचं. कधी कधी त्या उजेडात एक पाखरू येऊन बसायचं. त्याच्या चोचीत वीतभर तपकिरी फीत असायची. मी म्हणायचो, दे रे, ती माझी आहे. ते मान वाकडी करून माझ्याकडे बघायचं आणि उडून जायचं. असं किती दुपारी झालं, मोजलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर खालचा आवाज बदलला. आधी धावपळ, मग बरेच दिवस कुलूप. लातूरच्या दवाखान्यातून अप्पा घरी आले ते दोघांच्या खांद्यावर. अर्धांगाचा झटका होता. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. हे सगळं मला माळ्यावर ऐकूनच कळलं. अंबिकाबाई दिवसभर एकट्याच बोलायच्या. “चहा देऊ का? उशी नीट हाय का?” आणि उत्तरादाखल नुसतं “अं… अं.” ज्या माणसाच्या तोंडून इतकी वर्षं पाशांचे दाखले ऐकले, त्याचा तो ‘अं’ ऐकून माझ्यात जीव राहिला नाही.

भार्गवी आता नांदेडला कॉलेजात शिकवते. दर शनिवारी ती यायची. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या सौदामिनी मॅडमनी तिला सांगितलं होतं, की बोलायची आणि गायची वाट डोक्यात वेगवेगळी असते. बोलता न येणारा माणूस कधी कधी गाऊ शकतो, आणि गाण्याचं बोट धरून बोलणं परत येतं. पण जे करायचं ते पहिल्या काही महिन्यांतच करा, नंतर अवघड होतं. झटक्याला तर पाच महिने होऊन गेले होते.

भार्गवीनं मोबाईलवर पाशांची कव्वाली लावली. अप्पांचा डावा पाय हलला. बसलिंगय्यांना लावलं, अप्पांनी डोळे मिटले. तोंडातून मात्र काही नाही. मग कुणीतरी मोबाईलवर चढवलेलं नागाबाईंचं ते गाणं तिला सापडलं. चांगलं स्वच्छ, अखंड. पहिल्या ओळीला अप्पांचे ओठ हलले म्हणे. भार्गवी आनंदानं पुढे सरकली. आणि तेवढ्यात दुसरी ओळ आली, ‘उन्हाच्या पल्याड वाऱ्याची धाव’. अप्पा दचकले. आपल्याच घरात पायरी चुकावी तसं झालं त्यांचं. चेहरा वेडावाकडा झाला, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

तीन शनिवार हेच झालं. भार्गवी कंटाळली नाही, पण घाबरली. आईला म्हणाली, “अव्वा, गाणं लावलं की अप्पांना जास्तच त्रास होतोय गं. आता नको लावायला.” मग म्हणाली, “आता काय ते असंच राहायचं.”

स्वयंपाकघरातून भाकरी थापायचा आवाज थांबला. अंबिकाबाई पिठाचे हात घेऊनच बाहेर आल्या असाव्यात. “हे आपलं गाणं न्हाईच गं,” त्या म्हणाल्या. “ह्याच्यात ती मधली ओळ हाय. ते टुक्ची वाट बघून राहिले अन् तू त्यांना ऊन दाखवून राहिलीस. काढ तो हावऱ्या खाली!”

मित्रांनो, चौदा वर्षांनी माझ्या गाठोड्याची गाठ सुटली. उजेडानं माझे डोळे दिपले.

पण मी तर पार कामातून गेलो होतो. पोटातला रबरी पट्टा वितळून चिक्कीसारखा झाला होता. स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणारा विरूपाक्ष पूर्वी आमच्यासारख्यांचा वैद्य होता. अंबिकाबाईंनी नेऊन पुढे ठेवताच त्यानं मला हातात घेतलं आणि आधी नमस्कारच केला. मग खालचा खण उपसून माझ्याच एका मेलेल्या भावाच्या पोटातला पट्टा काढला, मला बसवला, कापसाला स्पिरिट लावून माझं तोंड पुसलं. नंतर नागाबाईंची कॅसेट उजेडाकडे धरली आणि चुकचुकला.

“काकू, जोड पार सुकलाय. एकदा वाजली तर वाजेल, न्हाईतर तिथंच तुटेल. एक करू या. मोबाईलवर उतरून घेऊ. मधला टुक् बी साफ करून देतो.”

“टुक्ला हात लावलास तर याद राख, विरूपाक्षा!” अंबिकाबाई कडाडल्या. तो बिचारा दोन पावलं मागेच सरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरूपाक्षच मला घेऊन घरी आला. अप्पांना उशीला टेकून बसवलं होतं. मी त्यांना चौदा वर्षांनी पाहत होतो. गाल बसले होते, उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. पण माझ्याकडे बघताना त्यांचे डोळे गंजगोलाईतल्या त्या तरुणाचेच होते. मला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. भार्गवीनं एका हातात मोबाईल धरला, आवाज उतरून घ्यायला. मला एकच धास्ती होती. एकदाच वाजेल म्हणाला होता विरूपाक्ष. मी पुन्हा खाल्लं तर?

बटण दाबलं. मी खोकलो, आणि नागाबाई आल्या. जरा थकलेल्या, पण त्याच.

‘पाखरा रे पाखरा, सांग तुझं गाव…’

सांधा जवळ येत होता. मी त्याला पोटच्या पोरासारखा जपत, हळूच पुढे सरकवला.

‘टुक्.’

अप्पांच्या चेहऱ्यावर ऊन पसरलं. आणि कुणाला कळायच्या आत घोगरा, वाकडा, पण सुरातला आवाज आला : “चोचीत… आण… माझ्या… माहेराचं… नाव…”

अंबिकाबाईंनी भिंतीचा आधार घेतला. भार्गवीनं ओठ दातांखाली दाबले. नागाबाईंनी तीच शेवटची ओळ पुन्हा घेतली. पुन्हा अप्पांनी ओळ म्हटली, या वेळी जरा मोठ्यानं. ‘नाव’ म्हणताना मान हलवली. मला तर वाटायला लागलं, की मी अजून माळ्यावरच आहे आणि हे सगळं त्या दुपारच्या उजेडातलं आहे.

गाणं थांबल्यावर भार्गवी पुढे वाकली. हळूच म्हणाली, “अप्पा, मी कोण? म्हणा ना, भार्गवी.”

अप्पांनी तोंड उघडलं. मान ताणली. “अं… अं…”

पुन्हा तेच. गाण्याबाहेर पाऊल टाकलं की जमीनच नव्हती त्यांना. त्यांचे डोळे भरले, आणि भार्गवीचेही. मी फिरतच होतो. कॅसेटवरचं पुढचं गाणं सुरू झालं होतं, कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि त्याच वेळी माझ्या पोटात काहीतरी अडलं. नागाबाईंचा आवाज जाड झाला. घर्रर्र…

“अव्वा, तुटली, तुटली!” भार्गवी ओरडली. विरूपाक्ष धावला. पण त्याच्या आधी अप्पांचा डावा हात उठला, माझ्या डोक्यावर खणखणीत टपली बसली, आणि अख्ख्या घरानं स्वच्छ ऐकलं :

“खाल्लं का रे, हावऱ्या!”

अप्पा स्वतःच स्वतःकडे आश्चर्यानं बघत होते. मग त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, चव घेत घेत : “हावऱ्या. हावऱ्या!” भार्गवी त्यांच्या गळ्यात पडली. आणि अंबिकाबाई हसत, रडत, पदरानं नाक पुसत म्हणाल्या, “बघा बाई! पस्तीस वर्षं संसार केला माझ्यासंगं, अन् पहिला शब्द ह्या मेल्याला!”

मित्रांनो, ज्या चुकीसाठी मी इतकी वर्षं झुरलो, तिच्याच वाटेनं माझे अप्पा परत आले. मी त्या दिवशी जितका रडलो, तितका कधी रडलो नाही. आमचं रडणं म्हणजे नुसती खरखर, ती कुणाला कळत नाही एवढंच.

आता अप्पांना पुष्कळ शब्द येतात. ‘पाणी’ आला, ‘भार्गवी’ आला, ‘अंबिका’ आल्यावर बाईंनी गल्लीत पेढे वाटले. अडतात तेव्हा ते आधी सूर धरतात आणि मग शब्द सोडतात. पाशांच्या ठेक्यावर डावा पाय रिकामं पायडल मारतो.

तुमच्याही घरात माळ्यावर कुणीतरी असेल. नवं जरूर आणा, मी काही कुणाच्या वाटेत येत नाही. पण जुन्याला टाकून देण्याआधी एकदा पुसा, एकदा लावून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून विचारा, की तुमचं गाणं कुठलं आणि ते कुठं अडखळतं. त्यांना नुसतं चांगलं गाणं नको असतं. त्यांना त्यांचं गाणं हवं असतं. ते अडखळणं साफ करायची घाई करू नका.

एक राहिलंच. आता त्या कॅसेटमध्ये दोन टुक् आहेत. सांधा तर मी सुखरूप पार केला होता, मग पुढची धड फीत अडकली कशी, याचं विरूपाक्षाला अजून नवल वाटतं. तो म्हणतो, रबरी चाक झिजलंय. भार्गवी म्हणते, नशीब. मी आपला गप्प असतो. अप्पा मात्र रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर हलकी टपली मारतात आणि डोळे मिचकावून, एकेक शब्द सुटा करत विचारतात, “भूक… लागली का रे… हावऱ्या?”